पार्टी बाहेर थांबली आहे

स्त्रीच्या देहाचं मोल पैशांत करता येत नाही. हे वाक्य आपल्याकडे महिला दिनाला, हळदीकुंकवाला आणि निवडणुकीच्या आधी फार गंभीरपणे म्हटलं जातं, आणि ते ऐकून बायकाही गंभीरपणे मान हलवतात. वसुंधरा चुरीनेही ती बरेचदा हलवली होती. त्यामुळे वसई स्टेशनजवळच्या त्या एसी क्लिनिकमध्ये समोरच्या तरुण मुलीने ते मोल ‘पंच्याऐंशी हजार प्लस टॅक्स’ असं सांगितलं, तेव्हा वसुंधराला खरं तर धक्का बसायला हवा होता. तिने फक्त विचारलं, “यात काय काय येतं?”

“येतं म्हणजे, मॅम?” मुलीच्या छातीवर ‘अनुष्का, काउन्सेलर’ असा बिल्ला होता.

“म्हणजे रेटमध्ये काय काय धरलंय? भूल, औषधं, जागा?”

“सगळं, मॅम. पूर्ण पॅकेज आहे. लेझर आहे, टाईटनिंग आहे, शेप आहे. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. एकदम नव्या नवरीसारखं.”

“पार्टीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालीत.”

“तेच ना, मॅम. मिस्टरांना सरप्राइज!”

वसुंधराने मिस्टरांना सरप्राइज मिळाल्याची कल्पना करून पाहिली. पन्नासाव्या वाढदिवसाला तिने जयवंतसाठी केक आणला होता, तर त्याने आधी खोका उलटा करून तारीख तपासली होती. हा माणूस या सरप्राइजचं काय करेल, हे तिला पुढे कल्पवेना.

“आणि टॅक्स कशावर?”

“कॉस्मेटिकवर यंदापासून लागतो, मॅम. आजार असेल तर नाही लागत. पण हा आजार नाही ना. हे छान दिसण्यासाठी.”

“तिथे छान कोणाला दिसणार आहे?”

अनुष्काला हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये शिकवलेला नव्हता. तिने रंगीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. त्यावर एक गोरी बाई पांढऱ्या चादरीत बसून खिडकीबाहेर बघत होती. सरकारने सौंदर्यावर कर लावला आहे आणि आजाराला माफी दिली आहे, ही गोष्ट वसुंधराला मनातून पटली. तिची अडचण एवढीच होती, की पार्टीला नेमकं काय झालं आहे, सौंदर्य की आजार, हे तिला ठाऊक नव्हतं.

“पार्टीला हसताना गळतं,” ती म्हणाली. “थोडंसं. शिंकतानाही. त्याचं काय?”

“ते पण सुधारतं, मॅम. बऱ्याच जणींचं सुधारतं.” अनुष्का घुटमळली. “पण त्याची गॅरंटी आम्ही नाही देत.” मग ती पुढे झुकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “मॅम, तुम्ही पेशंट आणणार असाल ना, तर तुमचं वेगळं बसतं. ते रेटमध्ये आधीच धरलेलं असतं.”

आपल्याला इथे दलाल समजलं जात आहे, हे वसुंधराच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आल्यावर तिला राग आला नाही. पंच्याऐंशी हजारांतला एक भाग निदान कुठे जातो, ते तरी कळलं.

पार्टी अर्थातच ती स्वतः होती.

‘पार्टी’ हा शब्द कंपनीतला. कामणच्या रस्त्याला रबरी वायसर आणि ऑइल सील बनवणारा एक कारखाना होता आणि तिथे वसुंधरा पंधरा वर्षं परचेस बघत होती. तिथे माल पुरवणारा प्रत्येक माणूस, त्याला नाव असो नसो, पार्टी असे. तीन पार्ट्यांची कोटेशनं आल्याशिवाय कंपनीत केरसुणीसुद्धा येत नसे. ही शिस्त इतकी अंगात मुरली होती, की मुलीचं स्थळ बघतानाही ‘अजून दोन बघू’ असं वसुंधराच्या तोंडून निघून गेलं होतं, आणि ते पहिल्या स्थळाच्या आईने ऐकलं होतं.

तेव्हा स्वतःच्या दुरुस्तीसाठीही तीन कोटेशनं मागवायची, हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. वेळ लागला तो दुरुस्तीचं नाव ठरवायला. मराठीत त्या जागेसाठी जे शब्द आहेत त्यातला एक संस्कृत, तो पुस्तकाबाहेर कोणी काढत नाही. दुसरा शिवीतला. उरलेला ‘तिथे’. वसुंधरा ‘तिथे’वर भागवत होती. स्थानिक साप्ताहिकात त्या क्लिनिकची जाहिरात आली, आणि तिच्यात ‘सैलपणा, गळती, संसारातील हरवलेला रस’ असं तिन्ही एका ओळीत छापलेलं होतं. मधला शब्द तिच्या ओळखीचा होता. त्याच्या भरवशावर तिने उरलेले दोन्ही स्वीकारले.

गळतीचं खरं कारण दोन बाळंतपणं असतील, विहिरीवरच्या कळशा असतील, वयही असेल. पण वसुंधराच्या लेखी गळतीला एकच माणूस जबाबदार होता. जयवंत.

जयवंत चुरी आगाशीच्या शाळेत चित्रकला शिकवायचा, आणि लग्नकार्यात गोष्टी सांगायचा. खरं म्हणजे गोष्ट एकच, नानामामाची. नानामामाचा दात दुखतो. तो विरारला दाताच्या डॉक्टरकडे जातो. फी द्यायला पैसे नाहीत, म्हणून घरची सुकेळी नेतो, म्हणजे आगाशीची ती उन्हात वाळवलेली केळी. डॉक्टर खूश होऊन तिथेच एक तोंडात टाकतो, आणि कट्कन डॉक्टरचाच दात तुटतो. तेव्हा नानामामा खुर्चीवरून उठतो, डॉक्टरला तिथे बसवतो आणि म्हणतो, “हां. आता तुम्ही आ करा.”

एवढीच गोष्ट. पण जयवंत ती सांगताना आधी नानामामा व्हायचा, मग डॉक्टर, मग दात. वीस वर्षं सगळी आगाशी त्या गोष्टीला हसत आली होती, आणि वसुंधरा सर्वांत आधी. गेल्या तीनचार वर्षांत मात्र नानामामा खुर्चीवरून उठू लागला, की वसुंधराही उठायची. “आले हं, दूध बघून येते,” म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला घट्ट धरून उभी राहायची. दूध बहुतेक वेळा सकाळीच तापवलेलं असायचं.

जयवंतने पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. मग पुतण्याच्या साखरपुड्यात तिला दारातून बाहेर जाताना त्याने पाहिलं आणि तो डॉक्टरच्या दातापाशीच थांबला. लोकांना वाटलं, विसरला. त्यानंतर त्याने नानामामाला घरी बसवलं. कोणी आग्रह केला तर म्हणायचा, “जुनी झाली हो ती.” संध्याकाळी तो पडवीत पेपर वाचत बसू लागला. एकदा पेपर खाली न घेताच त्याने विचारलं, “वसू, तुला माझा कंटाळा आलाय का गं?”

“भलतंच काय,” ती म्हणाली. त्यापुढे सांगण्यासारखं तिच्याकडे ‘तिथे’ एवढा एकच शब्द होता.

दुसरं कोटेशन तिने जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या फोनवरून मागवलं. विरारचं मोठं हॉस्पिटल. पलीकडची बाई सराईत होती.

“टाके घालून दुरुस्ती ना? बत्तीस जनरल, अडतीस सेमी, पंचेचाळीस डिलक्स.”

“डिलक्समध्ये ऑपरेशन वेगळं असतं?”

“नाही हो. ऑपरेशन सेम, डॉक्टर सेम. डिलक्सला टीव्ही.”

“पार्टी भुलीत असताना टीव्ही कोण बघणार?”

“नातेवाईक बघतात.”

“आणि लेझर?”

“लेझर नाही आमच्याकडे. लेझर कशाला पाहिजे?”

“एका ठिकाणी आहे.”

“मग तिथेच विचारा,” बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

वसुंधराने रिसीव्हर ठेवला तर शेजारच्या टेबलावरून जुलियाना तिच्याकडे बघत होती. जुलियाना डिस्पॅच सांभाळायची. गिरीज गावची, चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी, आणि दुसऱ्याचा फोन ऐकणं हा स्वतःचा हक्क मानणारी.

“कोण गो पार्टी?”

“नात्यातली आहे एक.”

“नात्यातली.” जुलियानाने डब्याचं झाकण लावलं. “वसू, तुला एक सांगू? रबराला लावायची शंखजिऱ्याची पावडर उडते, म्हणून आपल्या पॅकिंगमधल्या बायका दिवसभर शिंकतात. शिंक यायच्या आधी त्या काय करतात, कधी बघितलंस?”

“काय करतात?”

“उभ्या उभ्या पायावर पाय टाकतात. निम्म्या तरी टाकतात. सुपरवायझरला वाटतं, डान्स करतात.” तिने टेबलाखाली बघितलं. “तूपण टाकतेस. मीपण टाकायची.”

टेबलाखाली वसुंधराचे पाय एकमेकांवर होते, ते तिने सावकाश खाली सोडले.

“मी तर कॉयर सोडायला निघालेली,” जुलियाना म्हणाली. “वरचा सूर लागला की खाली प्रॉब्लेम. आल्लेलुया म्हणायची भीती वाटायची, बोल. मग डॉक्टर उर्सुलाकडे गेले. तुमच्या आगाशीतच आहे की. भाव विचारू नकोस हां तिला. ओरडते.”

भाव विचारायचा नाही, तर तिथे जाऊन करायचं काय, हे वसुंधराला समजेना. पण तिसरं कोटेशन बाकी होतं.

डॉक्टर उर्सुलाचं नर्सिंग होम म्हणजे बाजारामागचा एक कौलारू बंगला होता. पुढे व्हरांडा, व्हरांड्यात बाकं, आत लोखंडी खाटा, आणि भिंतीवर येशूच्या शेजारी लसीकरणाचा तक्ता. डॉक्टर सत्तरीच्या आसपास असाव्यात. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

“बोला.”

“एका पार्टीसाठी विचारायचं होतं,” वसुंधराने सुरुवात केली. “दोन ठिकाणचे रेट घेतलेत. एका ठिकाणी पंच्याऐंशी आणि टॅक्स, दुसरीकडे बत्तीस ते पंचेचाळीस. तुमच्याकडे साधारण…”

“पार्टी कुठे आहे?”

“अं?”

“ऑपरेशन कोणाचं? ती कुठे आहे?”

वसुंधराच्या तोंडून निघून गेलं, “बाहेर आहे.”

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तिच्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. “मग तुम्ही बाहेर जा,” त्या म्हणाल्या, “आणि तिला आत पाठवा.”

वसुंधरा उठली. बाहेर आली. दार ओढून घेतलं. व्हरांड्यात एक गरोदर मुलगी आणि तिची सासू बसली होती. दोघींनी आपापले पाय आत घेतले. वसुंधरा तिथे उभी राहिली. समोर रस्ता होता, रस्त्यावरून अर्नाळ्याची बस जात होती. तिथून घरी जायला दहा मिनिटं पुरली असती. तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला, पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि दारावर टकटक केलं.

“या,” आतून आवाज आला.

ती आत गेली.

“बसा,” डॉक्टर म्हणाल्या, जणू पहिल्यांदाच बघत होत्या. “काय नाव तुमचं? काय होतंय?”

“वसुंधरा चुरी,” ती म्हणाली. “हसताना गळतं.”

आणि मग तिने सगळं सांगितलं. ऑफिसात पाणी पीत नाही ते, पर्समध्ये ठेवलेल्या जुन्या साडीच्या घड्या, सकाळचं तापवलेलं दूध, वसईच्या क्लिनिकमधली नवी नवरी, विरारला केलेला फोन. डॉक्टरांनी मध्येच एकदाही ‘या वयात होतंच’ असं म्हटलं नाही. तपासताना त्या म्हणाल्या, “खोका.” वसुंधरा खोकली. “अजून जोरात. लाजू नका, लाजायचं वय दोघींचंही गेलं.” ती पुन्हा खोकली, आणि जे व्हायचं ते झालं.

“हे आजार की…” साडी नीट करताना वसुंधराने विचारलं, “की सौंदर्य?”

“काय?”

“एकावर टॅक्स आहे.”

डॉक्टर उर्सुला पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी एक कागदी पिशवी घेतली, हातात उभी धरली आणि समजावलं. ही बाळ बाहेर येण्याची वाट. तिला पुढची भिंत असते. तिच्यावर लघवीची पिशवी टेकलेली असते. ती भिंत सैल पडली की पिशवी खाली उतरते आणि हसलं, खोकलं की गळतं. ते एक काम. मागची भिंत आणि वाटेच्या तोंडाशी असलेले स्नायू बाळंतपणात फाटतात, ते शिवणं हे दुसरं काम. कातडीचा आकार, लेझर, नवरीबिवरी, हे तिसरं.

“तिसरं करून घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ज्याची त्याची हौस. मशीन परदेशातून येतं, त्याचे हप्ते असतात, एसी असतो, त्या गोऱ्या बाईचा फोटो असतो. पंच्याऐंशी होतातच. पण तुम्हाला हवंय पहिलं काम, थोडं दुसरं. क्लिनिकने तुम्हाला सांगितला तिसऱ्याचा भाव, विरारने पहिल्यादुसऱ्याचा. आणि तुम्ही दोन्ही शेजारी शेजारी मांडून बसलात.”

वसुंधराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लघवीचं सांगताना तिला जितकी लाज वाटली नव्हती तितकी आता वाटली. पंधरा वर्षं परचेसमध्ये काढून तिने अगदी नवख्या माणसाची चूक केली होती. माल न तपासता, नुसत्या नावावर भाव मागवले होते. एका पार्टीने वायसरचा दर दिला होता आणि दुसरीने पंपाचा, आणि ती स्वस्त-महाग ठरवत होती.

“व्यायाम शिकवते, तो आजपासून करायचा. आधी आला असतात तर त्याच्यावरच भागलं असतं कदाचित. आता टाकेही लागतील.”

“व्यायामाचा…”

“फुकट आहे.”

फुकट कोटेशनवर विश्वास ठेवायचा नाही, असा कंपनीचा नियम होता.

“आणि ऑपरेशन मी करत नाही आता, हात थरथरतो. मंगळवारी विरारहून डॉक्टर येतात. तुम्ही फोन केलात तिथलेच. माझ्याकडे अठरा. टीव्ही नाही.” त्या लिहिता लिहिता थांबल्या. “घरात कोण आहे? सहा आठवडे कळशी उचलायची नाही, बादली नाही. मिस्टरांना घेऊन या.”

हा खर्च तिच्या कुठल्याच कोटेशनमध्ये धरलेला नव्हता.

जयवंत संध्याकाळी वाडीत जास्वंदीला पाणी घालत होता. वसुंधरा रहाटापाशी उभी राहून म्हणाली, “अहो, पाणी बंद करा जरा.” आणि वाटेत घोकलेली वाक्यं आठवायच्या आधीच बोलून टाकलं. भिंत, पिशवी, टाके, मंगळवार.

जयवंतच्या हातातल्या नळीतून थेंब पडत राहिले.

“किती वर्षं?” त्याने विचारलं.

“तीन. चार असतील.”

“आणि मला बोलली नाहीस.”

“काय बोलणार होते? कुठल्या शब्दात बोलायचं असतं हे?”

त्याने विचार केला. त्यालाही शब्द सापडला नसावा. नळी खाली ठेवून तो विहिरीच्या कठड्यावर बसला. मग त्याने मान वर केली.

“म्हणजे तू नानामामाच्या गोष्टीला उठून जायचीस, ते…”

“हो.”

“कंटाळून नव्हे?”

“नाही हो.”

“पुतण्याच्या साखरपुड्यालाही?”

“तेव्हा तर दारापर्यंतही धड पोचले नाही.”

जयवंतच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजळू लागलं. बायकोच्या ऑपरेशनची बातमी ऐकून उजळू नये, एवढं त्याला कळत होतं, म्हणून तो ते दाबायचा प्रयत्न करत होता.

“म्हणजे,” तो म्हणाला, “गोष्ट इतकी चांगली होती?”

एका शब्दाच्या उत्तरासाठी वसुंधराने त्या दिवशी दुसरं कोटेशन मागवलं नाही. “हो,” ती म्हणाली.

मंगळवारी तो तिच्यासोबत आला. लोखंडी खाटेच्या उशाशी स्टुलावर बसला, आणि टीव्ही नसल्यामुळे तिच्याकडेच बघत राहिला. डॉक्टर उर्सुलांना त्याने एकच प्रश्न विचारला, “नंतर तिला हसता येईल ना?”

“सहा आठवडे नको,” डॉक्टर म्हणाल्या. त्या टाक्यांची काळजी घ्या एवढंच सांगत होत्या. पण शिक्षकाने सूचना शब्दशः घेतली. पुढचे सहा आठवडे त्या घरात एकही विनोद झाला नाही. भावोजी आले तर त्यांना फाटकातच ताकीद मिळाली. पेपरातलं व्यंगचित्र जयवंत आधी बघायचा, आणि चांगलं असेल तर ते पान बाजूला काढून ठेवायचा. एकदा तो स्वतः बादली घेऊन पाय घसरून चिखलात बसला, आणि तिथूनच ओरडला, “बघू नकोस इकडे!” जुलियाना भेटायला आली, सफरचंदं ठेवली, दहा मिनिटं गंभीर चेहऱ्याने बसली आणि जाताना कुजबुजली, “हे घर आहे की गुड फ्रायडे?”

सातव्या आठवड्यात स्वप्नाचं, म्हणजे पुतणीचं, केळवण त्यांच्याकडे झालं. जेवणं उरकली, पानं उचलली गेली. स्वप्नाच म्हणाली, “काका, नानामामा?”

जयवंतने आढेवेढे घेतले नाहीत. उठला. गालावर हात ठेवून आधी नानामामा झाला. एसटीत बसला, विरारला उतरला, पिशवीतून सुकेळी काढली. मग डॉक्टर झाला. मधल्या काळात त्याने काहीही विसरलेलं नव्हतं, उलट एसटीतला कंडक्टर नवीन घातला होता. कट्कन दात तुटला. नानामामा खुर्चीवरून उठू लागला, आणि जयवंतची नजर प्रेक्षकांवरून फिरत भिंतीकडेच्या सतरंजीवर आली.

वसुंधरा तिथेच होती. पाय समोर सरळ पसरून बसली होती. तिच्या मांडीवर अर्धवट प्यायलेला पाण्याचा तांब्या होता.

“हां,” जयवंत म्हणाला. “आता तुम्ही आ करा.”

ती हसली. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुसरीकडे कुठेही पाणी आलं नाही.

सुकेळी मऊ असते. तिने कोणाचाही दात तुटत नाही. आगाशीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.